जुहूची धावपट्टी संगणकात उभारताना

२०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला, आणि मेलबर्नच्या एका उपनगरावरून उडणाऱ्यांना लवकरच एक अजब इमारत दिसली. आजूबाजूला बैठी घरे, आणि मधूनच आकाशात घुसलेला एक अरुंद सुळका. मजले २१२. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही संपादन करता येणाऱ्या नकाशात एका घराच्या मजल्यांची नोंद करताना २ ऐवजी २१२ असे टाइप झाले होते. नकाशातली चूक पुढे दुरुस्त झाली, पण सिम्युलेटरने त्याआधीची नोंद उचलली होती. संगणकाने जगभरातल्या कोट्यवधी इमारती अशाच आपोआप उभ्या केल्या होत्या. त्याला आकडा वाचता येत होता, पण उपनगरातल्या गल्लीत २१२ मजले असतील का, हे विचारायला तिथे कुणी नव्हते.

सिम्युलेटरसाठी स्वतः सीनरी, म्हणजे त्यातला जमिनीचा देखावा, बनवणाऱ्या हौशी मंडळींचे काम इथून सुरू होते. सिम्युलेटरमध्ये दोन गोष्टी असतात: विमान आणि पृथ्वी. विमानाचे गणित कंपनीने केलेले असते. पृथ्वी मात्र इतकी मोठी आहे की कोणतीही कंपनी ती नीट बनवू शकत नाही. उपग्रहांची मोजमापे, मुक्त नकाशे आणि ठरावीक साच्यातल्या इमारती यांच्या भरवशावर ती ढोबळमानाने भरून काढली जाते. न्यूयॉर्क, लंडन झकास दिसतात, आणि आपल्या गावाच्या विमानतळावर उतरायला जावे तर टर्मिनलच्या जागी युरोपातल्यासारखी उतरत्या छपराची घरे दिसतात. मग कुणालातरी वाटते, हे आपणच का करू नये?

करता येते. त्यासाठी लागणारी बहुतेक साधने फुकट आहेत. पण साधने शिकणे हा या कामाचा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे काय दाखवायचे आणि काय सोडून द्यायचे हे ठरवणे, आणि ते वैमानिकाच्या जागी बसून ठरवावे लागते. नाटकाचा नेपथ्यकार भिंतीची मागची बाजू रंगवत बसत नाही, कारण प्रेक्षक कुठे बसणार हे त्याला ठाऊक असते. सीनरी करणाऱ्यालाही आपला प्रेक्षक किती उंचीवरून, किती वेगाने आणि कशाच्या शोधात येतो आहे, हे आधी कळावे लागते.

जुहूच का?

शिकण्यासाठी एक छोटा आणि ओळखीचा विमानतळ निवडावा, असे जाणकार सांगतात. मराठी माणसासाठी जुहू चांगला धडा आहे. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे निघाले आणि जुहूला उतरले. टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेची ती सुरुवात. आज तिथून मोठी विमाने उडत नाहीत, हेलिकॉप्टरची ये-जा असते. दोन लहान धावपट्ट्या, काही हँगर, पश्चिमेला समुद्र आणि बाकी तिन्ही बाजूंनी गच्च वस्ती. आटोपशीर काम.

पण जुहू निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. तिथून पूर्वेला जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरवर सांताक्रूझचा मोठा विमानतळ आहे. आजच्या आकड्यांत जुहूच्या मुख्य धावपट्टीचा क्रमांक ०८-२६ आणि सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा ०९-२७, म्हणजे दोघींची दिशा जवळजवळ सारखी. आणि दोन्ही ठिकाणी मुख्य धावपट्टीला छेदणारी दुसरी धावपट्टी आहे. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाची हीच चूक झाली. ते धावपट्टी संपली तरी थांबले नाही. कुणाचा जीव गेला नाही, पण विमान कायमचे निकामी झाले.

जुहूची सीनरी करणाऱ्यासमोर म्हणून एक नेमका प्रश्न उभा राहतो. समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला या दोन धावपट्ट्यांतला फरक कशावरून कळतो? जे त्याला हे सांगते ते सीनरीत हवेच. बाकीचे जमले तर.

अंशांचे दशांश

उदाहरणासाठी एक्स-प्लेन हा सिम्युलेटर घेऊ. ऑस्टिन मायर यांच्या लॅमिनार रिसर्च या कंपनीचा हा सिम्युलेटर सीनरी शिकणाऱ्यांसाठी सोयीचा आहे, कारण त्याच्या बऱ्याचशा फाइली साध्या मजकुराच्या असतात आणि त्यांची रचना उघडपणे सांगितलेली आहे. विमानतळाची माहिती एका मजकुराच्या फाइलमध्ये ओळींनी लिहिलेली असते. ओळीच्या सुरुवातीला १०० हा आकडा असला की ती धावपट्टी. पुढे तिची रुंदी, पृष्ठभागाचा प्रकार, दिवे आणि दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश. ही ओळ हाताने लिहिली तरी धावपट्टी तयार होते. पण कुणी हाताने लिहीत नाही. त्यासाठी कंपनीनेच वर्ल्डएडिटर नावाचे मोफत साधन दिले आहे. सगळे त्याला ‘वेड’ म्हणतात.

वेडमध्ये मागे नकाशा किंवा उपग्रहाचे छायाचित्र ठेवून त्यावर धावपट्टी, विमानांच्या वाटा म्हणजे टॅक्सीवे, आणि ती उभी राहण्याची जागा म्हणजे अ‍ॅप्रन रेखाटता येतात. नवशिक्या नेमका इथे घाई करतो. छायाचित्रावर माउसने टोक पकडले, दुसरे टोक पकडले, झाली धावपट्टी. पण छायाचित्र स्वतःच काही मीटर सरकलेले असू शकते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर चार आकडे घेतले तर चूक अकरा मीटरपर्यंत जाते, पाच घेतले तर एक मीटरवर येते. म्हणून सहा-सात आकडे पाळायची पद्धत आहे.

हे आकडे मिळतात कुठून? प्रत्येक देश आपल्या विमानतळांची अधिकृत माहिती ‘एआयपी’ या प्रकाशनात देतो. भारतात ते भारतीय विमानतळ प्राधिकरण काढते आणि इंटरनेटवर सर्वांना वाचता येते. धावपट्टीची टोके, लांबी-रुंदी, समुद्रसपाटीपासून उंची, कोणते दिवे आहेत, कोणते नाहीत, सगळे त्यात असते. जुहूच्या मुख्य धावपट्टीची लांबी ११४३ मीटर आहे. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी तिच्या जवळपास तिप्पट. आधी एआयपीचे आकडे घालावेत आणि मग छायाचित्र त्यांच्याशी जुळवून घ्यावे. उलट केले की पुढचे सगळे तिरके होत जाते.

लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची, आणि इथे वैमानिकाची नजर मध्ये येते. उतरताना धावपट्टीचा जो निमुळता आकार समोर दिसतो, त्यावरून वैमानिक आपली उंची जोखत असतो. नेहमीपेक्षा अरुंद धावपट्टी दिसली की आपण फार उंचावर आहोत असा भास होतो आणि तो नकळत खाली येतो. रुंद दिसली की उलट. खऱ्या वैमानिकांना हा दृष्टिभ्रम प्रशिक्षणातच शिकवतात. सीनरीत धावपट्टी काही मीटर जास्त रुंद काढली तर छायाचित्रात कुणाला कळणार नाही, पण उतरणाऱ्याचा अंदाज हमखास चुकेल.

क्रमांकाचेही असेच. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची चुंबकीय दिशा दहाने भागून पूर्णांकात मांडलेला आकडा. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो. मुंबईत तो एक अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे इथे काम सोपे. अलास्कात हाच फरक पंधरा-वीस अंशांच्या घरात जातो. तिथे नकाशावरची दिशा मोजून क्रमांक रंगवणारा हमखास फसतो.

टेकडी, जी आता नाही

धावपट्टी झाली. आता ती ज्या जमिनीवर बसवायची ती जमीन. सिम्युलेटरच्या भाषेत तिला मेश म्हणतात, म्हणजे असंख्य त्रिकोणांची जाळी, प्रत्येक कोपऱ्याला उंचीचा एक आकडा. एक्स-प्लेन पृथ्वीचे एक अंश बाय एक अंश असे चौकोन पाडतो आणि दर चौकोनाची एक फाइल करतो. जुहूची फाइल ‘+१९+०७२’. या व्यवस्थेत मुंबईचे मजेदार तुकडे होतात. एकोणिसावा अक्षांश वरळी-परळच्या आसपासून जातो, त्यामुळे जुहू एका फाइलमध्ये आणि गेटवे ऑफ इंडिया दुसऱ्या. त्र्याहत्तरावा रेखांश वाशीजवळून जातो, म्हणून बेलापूर तिसऱ्या फाइलमध्ये आणि नवी मुंबईचा नवा विमानतळ चौथ्या. एका महानगरासाठी चार फाइली.

उंचीचे आकडे येतात कुठून, हे कळले की त्यांच्यातल्या चुकाही कळू लागतात. जगभरात सर्वाधिक वापरला गेलेला स्रोत म्हणजे एसआरटीएम. २००० च्या फेब्रुवारीत एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजली. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली जवळजवळ सगळी जमीन त्यात आली. आधी अमेरिकेबाहेरची माहिती ९० मीटरच्या अंतराने मिळत असे, २०१४ नंतर ती ३० मीटरच्या अंतराने खुली झाली. भारतासाठी इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेली उंचीची माहितीही मिळते, तीही सुमारे ३० मीटरच्या अंतराची.

या मोजणीत दोन खोडी आहेत. पहिली म्हणजे रडारला जमीन दिसत नाही, वरून जे आधी लागेल ते दिसते. दाट झाडीचा शेंडा, इमारतीची गच्ची. त्यामुळे मुंबईसारख्या शहरात जमिनीलाच फुगवटे येतात आणि त्या फुगवट्यांवर सिम्युलेटर पुन्हा इमारती उभ्या करतो. धावपट्टीच्या टोकाजवळ असा फुगवटा आला की विमान उंटावर बसल्यासारखे उसळते. त्यावर सोपा उपाय म्हणजे विमानतळाची जमीन सपाट करण्याचा पर्याय निवडणे. जुहूसारख्या समुद्रकाठच्या सपाट जागी तो चालतो. ज्या धावपट्टीला खरोखरच उतार आहे तिथे मात्र तो खोटे सांगतो, आणि तिथली मेश दुसऱ्या साधनाने नव्याने घडवावी लागते.

दुसरी खोड काळाची. मोजणी २००० सालची आहे, आणि जमीन तिथेच थांबलेली नाही. नवी मुंबई विमानतळाच्या जागेवर उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी होती. ती कापली, उलवे नदीचे पात्र वळवले, भराव टाकला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले. एसआरटीएमच्या आकड्यांत ती टेकडी अजून जागच्या जागी उभी आहे. जुन्या मेशवर नवा विमानतळ ठेवणाऱ्याला आधी स्वतःच्या संगणकात ती टेकडी पुन्हा कापावी लागते. दक्षिण मुंबईत कोस्टल रोडसाठी भरलेली जमीनही जुन्या माहितीत समुद्रच असते. सीनरी करणाऱ्याने प्रत्येक स्रोताला पहिला प्रश्न हाच विचारावा: तू कोणत्या सालचा?

छायाचित्रातला कायमचा उन्हाळा

जमिनीवर काय पसरायचे, याचे दोन मार्ग. एक म्हणजे सिम्युलेटरचे स्वतःचे नमुने: इथे शेत, इथे जंगल, इथे शहर. दुसरा म्हणजे उपग्रहाचे किंवा विमानातून काढलेले छायाचित्रच जमिनीवर चादरीसारखे अंथरणे. याला ऑर्थो म्हणतात. ऑर्थोफोरएक्सपी या मोफत साधनाने एका चौकोनाचे छायाचित्र गोळा करून सिम्युलेटरच्या साच्यात बसवता येते. बारकावा झूमच्या पायऱ्यांनी मोजतात. सोळाव्या पायरीवर मुंबईच्या अक्षांशावर एका ठिपक्यात सव्वादोन मीटर जमीन मावते, सतराव्यावर सव्वा मीटरहून थोडी कमी. पायरी एकाने वाढवली की फाइली चौपट होतात. म्हणून शहाणे लोक सगळा चौकोन सोळाव्यावर ठेवतात आणि फक्त विमानतळाभोवतीचा भाग अठराव्यावर नेतात.

पहिल्यांदा ऑर्थो लावला की माणूस हरखून जातो. आपली गल्ली दिसते, शाळेचे मैदान दिसते. मग खाली उतरू लागले की उणिवा दिसतात. इमारती जमिनीवर चितारलेल्या, सपाट. त्यांच्या सावल्या छायाचित्र काढले त्या वेळच्या, त्यामुळे सिम्युलेटरमधला सूर्य पश्चिमेला असला तरी सावल्याही पश्चिमेलाच पडलेल्या. अ‍ॅप्रनवर त्या दिवशी उभे असलेले हेलिकॉप्टर कायमचे चिकटून बसलेले.

महाराष्ट्रासाठी आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून स्वच्छ छायाचित्रे मिळतात ती मुख्यतः दिवाळीनंतरची, नाहीतर उन्हाळ्याची. परिणामी सिम्युलेटरमधला सह्याद्री बारा महिने पिवळा-तपकिरी असतो. हवामान जुलैचे लावा, धो धो पाऊस पाडा, खाली डोंगर एप्रिलचेच. हे खटकणारे लोक छायाचित्रांचे रंग बदलून हिरवी आवृत्ती करतात, पण फक्त रंग ओतून भागत नाही. भातखाचरांत पाणी साचलेले असते, धबधबे असतात, नद्यांचा रंग बदललेला असतो.

इथे परवान्याचाही विचार हवा. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती श्रेय देऊन, त्यांच्या अटी पाळून वापरता येते. व्यापारी नकाशांची छायाचित्रे मात्र पाहायला खुली असली तरी ती सीनरीत घालून वाटता येत नाहीत. म्हणूनच ऑर्थोचे साधन दिले जाते, तयार छायाचित्रे सहसा दिली जात नाहीत. जमिनीवरून फोटो काढण्यालाही मर्यादा आहेत. पुण्याचा लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, तिथे कॅमेरा काढता येत नाही. अशा ठिकाणी सार्वजनिक नकाशे आणि प्रसिद्ध छायाचित्रे यांच्यावरच भागवावे.

एका ठिपक्याचा हिशेब

आता वस्तू. इमारती, हँगर, कुंपण, झाडे, दिव्यांचे खांब. एक्स-प्लेनसोबत तयार वस्तूंचा मोठा संग्रह येतो आणि नवशिक्याने आधी त्यावरच काम करावे. वेडमध्ये इमारतीचा पाया रेखाटून उंची मीटरमध्ये दिली की तिच्या भिंती आपोआप उभ्या राहतात. झाडीसाठी सीमा काढली की आत झाडे उगवतात. आणि जिथे सिम्युलेटरने आपल्या मनाने घरे टाकलेली असतात, तिथे ‘इथे काही उभारू नकोस’ असे सांगणारा चौकोन काढता येतो. नवख्याच्या हातात आलेले हे सर्वांत समाधान देणारे अस्त्र: एक चौकोन ओढला की धावपट्टीच्या मध्यावर उगवलेली घरे गायब.

संग्रहात नसलेली वस्तू ब्लेंडर या मोफत साधनात घडवता येते. त्यासाठीचे जोडसाधनही मोफत आहे. ब्लेंडरमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर, एवढे नीट पाळले की हँगर बाहुलीघराएवढा किंवा डोंगराएवढा होत नाही. शिकणाऱ्याचा पहिला हँगर साधारण सारखाच असतो: पत्र्याची प्रत्येक पन्हाळी, दाराची प्रत्येक कडी, खिडकीची प्रत्येक चौकट खरी घडवलेली. मग त्याच्या लक्षात येते की सिम्युलेटर अडखळू लागला आहे.

याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ३० चित्रे हवी असतील तर संगणकाला एका चित्रासाठी ३३ हजारांश सेकंद मिळतात. त्यात विमानाचे गणित, ढग, पाणी, सावल्या आणि तुमचा हँगर. दुसऱ्या बाजूने बघा. पडदा १९२० ठिपक्यांचा रुंद आणि त्यात ६० अंशांचे दृश्य मावते असे धरले, तर एक मीटरची वस्तू सुमारे १८०० मीटरवर एका ठिपक्याएवढी उरते. त्यापलीकडे ती असली काय, नसली काय. पत्र्याची पन्हाळी तर शे-दोनशे मीटरपलीकडे दिसायची नाही. म्हणून एकाच वस्तूच्या दोन-तीन आवृत्त्या करतात: जवळून बारीक, लांबून ढोबळ, फार लांबून काहीच नाही. पन्हाळ्यांसारखे उठाव खरे घडवण्याऐवजी प्रकाशाच्या युक्तीने चित्रातच दाखवतात.

चित्रांचाही भार असतो. भिंतीवर चढवलेले ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचे एक चित्र न दाबता ठेवले तर ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत ६४ मेगाबाइट खाते. योग्य पद्धतीने दाबले तर ८ ते १६. प्रत्येक इमारतीला वेगळे चित्र देण्यापेक्षा दहा इमारतींच्या भिंती एकाच मोठ्या चित्रात मांडणे केव्हाही शहाणपणाचे, कारण चित्र बदलताना प्रत्येक वेळी कार्डाचा वेळ जातो.

खुणा

मग जुहूत काय हवेच? त्यासाठी वैमानिकासोबत खाली येऊन बघावे. सेसना १७२ हे शिकाऊ विमान उतरताना ६५ नॉटच्या आसपास वेगाने असते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. शेवटचा एक किलोमीटर तीस सेकंदांत संपतो. नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर त्या किलोमीटरच्या सुरुवातीला विमान जमिनीपासून पन्नासेक मीटरवर असते. पंधरा-सोळा मजली इमारतीच्या गच्चीपेक्षा जरासेच वर. त्या अर्ध्या मिनिटात वैमानिक कुठल्या दुकानाची पाटी वाचत नाही. त्याला किनाऱ्याची रेघ दिसते, धावपट्टी दिसते, तिच्या वाटेवर काय उंच आहे ते दिसते.

त्यामुळे जुहूत पहिले स्थान किनाऱ्याचे. दोन विमानतळांतला सर्वांत ठळक फरक हाच: जुहूची धावपट्टी समुद्राला जवळजवळ लागून, सांताक्रूझची आत शहरात. किनारा शंभर-दोनशे मीटर चुकला तर ही खूण बिघडते. आणि मुक्त नकाशात किनाऱ्याची रेघ भरतीच्या पाण्याच्या हद्दीने काढायची पद्धत आहे, त्यामुळे ओहोटीची रुंद वाळू वेगळी दाखवावी लागते. दुसरे स्थान भोवतालच्या इमारतींच्या उंचीचे. विमानतळालगत उंचीवर निर्बंध असतात, म्हणून धावपट्टीच्या रोखात इमारती ठेंगण्या आणि बाजूला उंच अशी एक अदृश्य घळ तयार होते. साच्यातली घरे आपोआप उगवू दिली तर ही घळ बुजते. तिसरे स्थान आडव्या धावपट्टीचे आणि हँगरच्या रांगेचे. दुकाने, पाट्या, पार्किंगमधल्या रिक्षा हे सगळे चौथ्या स्थानानंतर, आणि तेही जमिनीवर हिंडताना आनंद व्हावा म्हणून.

खुणांचे महत्त्व लंडनने एकदा जाहीरपणे रंगवून ठेवले होते. १९६० मध्ये पॅन अ‍ॅमचे बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी जवळच्या नॉर्थोल्टच्या छोट्या धावपट्टीवर उतरले. दोन्ही विमानतळांच्या वाटेवर एकेक गॅसची प्रचंड टाकी होती आणि दोन्ही वरून सारख्याच दिसत. मग एका टाकीवर ‘एलएच’ आणि दुसरीवर ‘एनओ’ अशी मोठी अक्षरे रंगवली गेली. लंडनची जुनी सीनरी करणाऱ्याने हजार घरे सोडली तरी चालतील, त्या दोन टाक्या सोडून चालणार नाही.

वाटून घेण्याआधी

सीनरी तयार झाली की तिचे फोल्डर सिम्युलेटरच्या ‘कस्टम सीनरी’ या फोल्डरमध्ये ठेवायचे. इथे नवशिक्याला शेवटचा धक्का बसतो: सगळे बरोबर करूनही काही दिसत नाही. कारण बहुतेकदा क्रमात असते. एका छोट्या मजकुराच्या फाइलमध्ये सगळ्या सीनऱ्यांची यादी असते आणि वरच्या ओळीला मान पहिला. विमानतळ वर, त्याखाली ऑर्थो, सगळ्यात खाली मेश. उलट झाले की छायाचित्र विमानतळाला झाकून टाकते. एखादी वस्तू सापडली नाही तर सिम्युलेटर आपल्या नोंदवहीच्या फाइलमध्ये तिचे नाव लिहून ठेवतो. ती फाइल वाचायची सवय लागली की अर्धे प्रश्न कुणाला न विचारता सुटतात.

नंतर उडून बघायचे, आणि तेही निरनिराळ्या वेळी. दुपारी ठीक दिसणारी इमारत रात्री काळा ठोकळा होते, कारण उजळलेल्या खिडक्यांचे चित्र वेगळे द्यावे लागते. आणि खऱ्या विमानतळावर नसलेले दिवे सीनरीत लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. दिव्यांची यादी एआयपीत आहे.

काम इतरांना द्यायचे असेल तर एक्स-प्लेनने ‘सीनरी गेटवे’ ही सोय ठेवली आहे. तिथे विमानतळ पाठवला की तपासणी होते आणि पसंत पडला तर तो पुढच्या आवृत्तीत सगळ्या जगाला मिळतो. अट अशी की त्यात फक्त सिम्युलेटरच्या संग्रहातल्या वस्तू असाव्यात आणि काम मुक्त परवान्याखाली द्यावे. ही अट शिकणाऱ्याच्या फायद्याची आहे. स्वतः घडवलेल्या हँगरचा मोह बाजूला पडतो आणि धावपट्टी, टॅक्सीवे, उभे राहण्याच्या जागा, खुणांच्या रेषा या मूलभूत गोष्टी नीट कराव्या लागतात. फ्लाइटगिअर या पूर्णपणे मुक्त सिम्युलेटरचे जगही असेच वापरणाऱ्यांच्या हातांनी भरत गेले आहे.

सीनरी एकदा बनवून संपत नाही. टर्मिनल वाढते, धावपट्टीचा क्रमांक बदलतो, विमानतळच नाहीसा होतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरमध्ये उड्डाण सुरू होई ते शिकागोच्या मेग्ज फील्डवरून, आणि जगभरातल्या लाखो लोकांनी पहिली भरारी तिथूनच घेतली. २००३ च्या मार्चअखेरीस शहराच्या महापौरांच्या आदेशाने रात्रीत मेग्जची धावपट्टी खणून टाकली गेली. मग हौशी लोकांनी तो विमानतळ सिम्युलेटरमध्ये पुन्हा बांधला. खऱ्या जगाशी प्रामाणिक राहणे म्हणजे कोणत्या सालच्या खऱ्या जगाशी, हे अशा वेळी करणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि ठरवले ते सीनरीसोबतच्या टिपणात लिहूनही ठेवावे.

जुहूपुरती कसोटी मात्र साधी आहे. नकाशा आणि जीपीएस बंद करावे, वेळ संध्याकाळची लावावी, हवेत थोडे धुके असू द्यावे, आणि मुंबई न पाहिलेल्या एखाद्या मित्राला समुद्रावरून पूर्वेकडे यायला सांगावे. त्याला दोनपैकी जुहूची धावपट्टी नुसत्या नजरेने ओळखता आली, तर हँगरला पन्हाळ्या नसल्या तरी सीनरी पुरी झाली. ओळखता आली नाही, तर किनारा आणि इमारतींच्या उंच्या पुन्हा तपासायला घ्याव्यात.